लोडिमाची खडी

अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात हिवाळा काढायला घरगाड्या घेऊन जमणाऱ्या आम्हा पिकल्या पानांच्या तळावर शेजाऱ्याची परीक्षा दोनच गोष्टींवरून होते. दुसऱ्याची गाडी मागे येताना तो उठून हात दाखवायला जातो का, आणि दुसऱ्याच्या जागेतून आडवा जातो का. पहिलीत मी कायम पास. दुसरीत शेजारच्या लोडिमानं मला दरवर्षी नापास केलं.

न्हाणीघराकडे जायला तिच्या जागेतून वाट जवळ पडायची. ती रोज सकाळी दाताळ्यानं दारापुढच्या खडीवर सरळ रेघा ओढायची, आणि मी टॉवेल खांद्यावर टाकून मुद्दाम त्यातूनच चालायचो.

"डर्विन, तुझ्या बिछान्यावरून माझी गाय नेली तर चालेल का?" ती विचारायची. दुसऱ्या दिवशी सगळी खडी विंचरलेली असायची. माझ्या बुटांचे ठसे तेवढे ठेवून, प्रत्येकाभोवती गोल रेघ, येणाऱ्याजाणाऱ्यांनी बघावेत म्हणून.

उन्हाळ्यात ती वारली.

या हिवाळ्यात तिचा नवरा ऑर्विल ट्रेलर ओढत आला, तो शेजारी मुलीला बसवूनच. जॅनेल खिडकीतून वाकून म्हणाली, "काका, आज बाबांनी कुठं ठोकलं तर किल्ल्या माझ्याकडे. ट्रेलर विकायचा आणि बाबांनी आमच्याकडे राहायचं."

"हिच्या घरात कुत्र्यालासुद्धा सोफ्यावर बसू देत नाहीत," ऑर्विल माझ्याकडे बघून पुटपुटला. चेहरा मात्र पांढरा पडला होता.

तेव्हा थट्टा खिशात घालून मी मागे, उजव्या अंगाला, आरशात दिसेन असा उभा राहिलो. नियमच आहे, हात दाखवणारा आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबवायची. पण ऑर्विलनं माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, तो मान डावीकडे, दरवर्षी लोडिमा हात दाखवायला उभी राहायची तिकडे, वळवून बसला होता. विजेचा खांब जवळ आला तसे मी दोन्ही हात वर केले. तो थांबला नाही. किंचित वळला, आणखी हातभर मागे आला आणि असा उभा राहिला की विजेची वायर आणि पाण्याची नळी दोन्ही न ताणता पोचल्या.

जॅनेल डोळे पुसत उतरली. किल्ल्या बापाच्या मुठीत ठेवून मला म्हणाली, "तुम्ही होता म्हणून, काका."

मी टोपी सारखी केली. पोरीला काय सांगणार?

ती आत गेल्यावर ऑर्विल म्हणाला, "तुझे हात अगदीच चुकत होते बरं का."

"मग तू कुणाचे बघत होतास?"

"डाव्या आरशातले," तो म्हणाला, आणि खुर्च्या काढायला लागला. एक खुर्ची डावीकडे, लोडिमाच्या जागी मांडली; दुसरी स्वतःला.

"दाताळं?" मी विचारलं.

"मुलीकडे ठेवून आलो. माझा खांदा उचलत नाही. ओढणार कोण?"

मग मी टॉवेल घेतला आणि त्याच्या डोळ्यांदेखत, पाय घाशीत, खडीतून आडवा गेलो. तो हसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच हसत असावा, कारण हसता हसता त्याला ठसका लागला.

सकाळी बापलेक न्याहारीला गावात गेले. जाताना हात करून गेले. मी कॉफी संपवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि नेहमीच्या वाटेला लागलो.

खडी विंचरलेली होती. दारापासून रस्त्यापर्यंत सरळ रेघा, आणि विंचरणारा बाहेर पडल्याचं एक पाऊल नाही. मधोमध माझे कालचे ठसे तेवढे शिल्लक, प्रत्येकाभोवती गोल रेघ.

मी टोपी काढली आणि रस्त्यानं लांबचा वळसा घेऊन गेलो. येतानाही तसाच आलो. जागेवर माणूस असलं की मधून जायचं नसतं, आणि ऑर्विलची गाडी तर अजून गावातून परतली नव्हती.