मालक घरी नाहीत

कात्रीने डॉक्टरला जिना चढूच दिला नाही. खालच्या पायरीवर त्याने पाय ठेवला आणि पुढच्याच क्षणी तो वर रोग्याच्या उशाशी उभा. मधला सगळा जिना तिने माउसच्या एका टिचकीत उडवला. जिन्याने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. पण अर्ध्या तासाचा भाग बारा मिनिटांत बसवा, असा वरून हुकूम होता.

पंचवीस वर्षांनी चॅनेलला दानधर्म सुचला होता. जुन्या मालिका इंटरनेटवर, सगळे भाग, फुकट. जाहिरातीत ‘फुकट’ एवढं ठळक छापलं होतं की मालिकेचं नाव भिंग घेऊन शोधावं. या फुकटचा अर्थ आत बसलेल्यांना पक्का ठाऊक होता. प्रत्येक भागात जाहिराती खच्चून भरायच्या, त्यांना धक्का लावायचा नाही, कापायची ती गोष्ट. लोकांना आता धीर राहिला नाही, असं वरची मंडळी तोंड वाईट करून सांगत. तो धीर खाल्ला कुणी, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. तिची होती. म्हणून तर संकलन विभागात तिला सगळे कात्री म्हणत. निम्मं नाव हाताच्या कामावरून, निम्मं जिभेवरून.

आज मात्र तिचं बूड खुर्चीवर ठरत नव्हतं. उठे, पाणी पिई, परत बसे. डॉक्टरच्या पुढचा प्रसंग फाटकाचा होता आणि त्या फाटकात तिचा बाप उभा होता.

बाप नट नव्हता, शूटिंगची गाडी चालवायचा. एका सकाळी राखणदाराचं काम करणारा माणूस आला नाही आणि दिग्दर्शकाने ड्रायव्हरच्या डोक्यावर टोपी ठेवली. फाटक उघडायचं आणि नायकाला सांगायचं, “मालक घरी नाहीत. सकाळीच गेले.” संपलं काम. पुढच्या वर्षी गाडीला अपघात झाला आणि बापही संपला. ती तेव्हा चार वर्षांची. घरात त्याचा लग्नातला फोटो होता आणि लायसन्सवरचा. हलता, चालता बाप जगात या एकाच ठिकाणी होता. आईने तो भाग एकदाच बघितला होता, तोही शेजारच्यांच्या दारात उभं राहून, तापाने फणफणलेली ही पोर कडेवर घेऊन. मालिका पुन्हा कधी लागली नाही. आता फुकट दाखवणार म्हटल्यावर आईने शेजारच्या मावशींकडून फोन चालवायला शिकून घेतलं होतं. आज दुपारपासून ती तो मांडीवर घेऊन बसली असणार, हे कात्रीला न बघता दिसत होतं.

घरी न्यायला एक तुकडाही काढता येत नव्हता. फोन बाहेर खणात ठेवून आत यायचं. मशीनला पेन ड्राइव्ह लावायच्या जागा कंपनीने डिंक ओतून बुजवलेल्या. टेपा तर इतक्या बुरसटलेल्या की एकदा चालवून कॉम्प्युटरवर उतरवल्या की सरळ भंगारात. भाग कापून इंटरनेटवर चढवला की कॉम्प्युटरवरचं मूळही पुसून टाकायचं, पुढच्यासाठी जागा लागते. जे वर चढलं तेवढंच जगात उरायचं.

तिने प्रसंग लावला. किडकिडीत माणूस, टोपी कानांवर आलेली. फाटक उघडलं. नायकाने विचारलं. माणसाने तोंड अर्धवट उघडलं आणि तसाच राहिला, वाक्य विसरल्यासारखा. मग बोलला.

कात्रीने हेडफोन कानांवर दाबले. पुन्हा ऐकलं. तो आवाज तिने मघाशीच ऐकला होता, डॉक्टरच्या तोंडातून! त्या काळी गरज पडली की सटरफटर भूमिकांना एकच माणूस स्टुडिओत बसून आवाज द्यायचा. ओठ बापाचे, आवाज परक्याचा. आई इतकी वर्षं थांबली आणि आता तिने हे ऐकायचं?

“काय गं, झालं का? संध्याकाळी चढवायचाय.” विभागप्रमुख मागे येऊन उभे होते.

“थोडा जास्त होतोय.”

“मग हे फाटक उडव की. मालक नाहीत म्हणतो, पुढच्या सीनला मालक दिसतच नाहीत. कळतं बघणाऱ्याला.”

“हे राहणार.”

“का? तो टोपीवाला कोण लागतो तुझा?”

“बाप.”

ते हसले. तिचं तोंड बघून अर्ध्यातच थांबले.

“म्हणजे वशिला लावतेस?”

“लावते. तुमच्या मेव्हण्याला बातम्या वाचायला बसवलंत, त्याला क्रियापद कुठे संपतं ते अजून सापडत नाही. मी काही बोलले? माझा वशिला मेलेल्या माणसाचा आहे. पगारही मागणार नाही.”

पलीकडच्या मशीनवर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. प्रमुखांनी गळ्यातलं ओळखपत्र उगीच सरळ केलं.

“बरं बाई, ठेव. पण ती मेलेली जागा काढ. माशी गिळायला उभा राहिल्यासारखा दिसतोय.”

मेलेली जागा म्हणजे जिथे कुणी बोलत नाही, काही घडत नाही, ती. ती काढायची हे तर बिनपगारी कामगारालाही कळतं. आणि खरं सांगायचं तर तिलाही ते उघडं तोंड खुपलं होतं. आपला बाप जगाला एकदाच दिसणार, तो बावळट का दिसावा? तिने कापलं, दोन्ही टोकं जुळवली. आता फाटक उघडलं आणि त्याच दमात तो म्हणाला, “मालक घरी नाहीत. सकाळीच गेले.” फाडकन. मुरलेल्या नटासारखा. ती स्वतःवर खूश झाली. भाग वर चढला. तिने मूळ पुसून टाकलं.

रस्त्यात मात्र त्या आवाजाने तिला छळलं. सिग्नल पडायच्या आत ती रस्ता ओलांडत सुटली, एका स्कूटरवाल्याच्या शिव्या खाल्ल्या, त्याला सव्याज परत केल्या. आईला काय सांगायचं? टेप जुनी, आवाज खराब झाला? थंडीने बसला होता? आयुष्यभर दुसऱ्यांचं खोटं चव्हाट्यावर आणणारी बाई स्वतःचं एक धड खोटं जुळवू शकत नव्हती.

दार उघडंच होतं. मावशी आईच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावत होत्या.

“ये गं ये! काय रुबाब तुझ्या वडिलांचा! आणि आवाज? घंटाच जशी! नाही तर आमचे हे, बोलले की वाटतं नळाला हवा आली.” आणि मग एकदम, “अगं बाई, दूध ठेवलंय मी!” मावशी धावल्या.

कात्री दारातच उभी राहिली. “आई, तो आवाज...”

“तो त्यांचा कुठला?” आई म्हणाली. “त्यांनीच घरी येऊन सांगितलं होतं मला. तोंड माझं, आवाज भाड्याचा. किती हसले होते.”

दिवसभराचा धोंडा असा एका वाक्यात उतरला. कात्रीने चपला काढल्या, पर्स फेकली आणि आईशेजारी बसली. तिला हसूच यायला लागलं.

“मग? बघितलंस ना मनसोक्त?”

“बघितलं की.” आई फोनची काच पदराने पुसत होती. पुसलेली काच पुन्हा पुसली. “टोपी मोठी झाली होती नाही त्यांना?”

“आई, काय झालं?”

“काही नाही गं. ते एकदम बोलले.”

“म्हणजे?”

“त्यांचा पहिला शब्द अडकायचा. नेहमी. तोंड उघडायचं आणि मग वाट बघायची. म्हणून तर आवाज दुसऱ्याचा घातला. तुला मुद्दामच नाही सांगितलं, तोतऱ्याची पोर म्हणून चिडवली असती दुनियेने.” आई जरा हसली. “लोक त्यांच्या तोंडात शब्द घालायचे. त्यांचा सख्खा भाऊसुद्धा. मी नाही घातला कधी. मी आपली थांबायची. मला ते आवडायचं, त्यांचं ते तोंड. आता काय म्हणणार, आता काय म्हणणार...”

कात्रीची नजर आईच्या हातातल्या फोनवर गेली.

“त्या दिवशी शेजारच्यांच्या दारातून मी तेवढंच बघितलं होतं. फाटक उघडलंय, तोंड उघडलंय, शब्द यायचाय. तेवढ्यात तू भोकाड पसरलंस, म्हणून बाहेर आले. आज पुढचं बघितलं, पण ते आधीचं नाहीच त्यात. चारदा लावलं. मावशी म्हणाल्या, बाई, किती वेळा तेच?” आईने फोन बाजूला ठेवला. “मीच मनाने रचलं असणार. इतक्या वर्षांत माणूस काय कशाला जोडेल, सांगता येतं का? बरं, तू हातपाय धू.”

“आई,” कात्री म्हणाली.

पुढे तिचं तोंड उघडंच राहिलं. ऑफिसात, रस्त्यात, जगाच्या अंगावर धावून जाणारी जीभ टाळ्याला चिकटून बसली.

उठायला निघालेली आई पुन्हा खाली बसली. लेकीच्या तोंडाकडे बघत, हात मांडीवर ठेवून, थांबून राहिली.