सभा थेट दाखवणारा डबा

मी एक जुना कॉम्प्युटर आहे. डबा म्हणा, खोका म्हणा, भंगार म्हणा. राग येतो तो येणारच, पण आज मी बोलणार आहे आणि तुम्हाला ऐकावं लागणार आहे. ज्यांनी माझी वायर उपटली त्यांनी तर जरा पुढं सरकूनच बसावं.

बीडच्या एका दुकानात माझा जन्म झाला. माझ्यावर कुठल्या बड्या कंपनीचा छाप नाही. एकाचा पंखा, दुसऱ्याची मेमरी असं जमवून मला उभं केलं. वडवणीच्या सुंदररावांनी मला त्यांच्या फोटो स्टुडिओत नेलं आणि लग्नाच्या शूटिंगसाठी माझ्या पोटात चांगलं व्हिडिओ कार्ड बसवलं. आठ वर्षं मी लग्नं जोडली. नवरी बोहल्यावर आली की पाकळ्या पाड, करवल्या हसल्या की बदाम फिरव. तालुक्यातली निम्मी वऱ्हाडं मला तोंडपाठ होती.

मग सुंदररावांनी लॅपटॉप घेतला आणि मी काउंटरखाली गेलो. माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवायचे. माणसाची ही रीतच आहे, काम सरलं की वस्तूचं टेबल करतो.

हरिबा नावाचा ऊसतोड कामगार एकदा फोटो काढायला आला होता. त्याची मुलगी योगिता वडवणीलाच कॉम्प्युटरचा कोर्स करत होती. त्याने मला पाहिलं आणि विचारलं, "ह्यो चालतो का?"

"लई जड हाय, पण चालतो," सुंदरराव म्हणाले. "घेऊन जा पोरीसाठी."

हरिबाने मला गोधडीत गुंडाळलं. एसटीत जागा मिळाली ती मला दिली आणि स्वतः वस्तीपर्यंत दांडा धरून उभा राहिला. एवढा मान मला स्टुडिओत कधी मिळाला नव्हता.

तेव्हापासून मी पत्र्याच्या घरात राहतो. योगिता माझ्यावर लोकांचे फॉर्म भरते. दसरा झाला की वस्ती रिकामी होते. हरिबा, त्याची बायको, शेजारपाजार, सगळे ट्रॅक्टरमध्ये बसून दूर कारखान्यावर ऊस तोडायला जातात ते गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि दारांची कुलपं. योगिता आजीजवळ राहते. आजी म्हणजे बायनाबाई. सत्तरी ओलांडलेली ही बाई अजून ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणते, कारण वस्तीतला हापसा कधीचाच कोरडा पडलाय.

वस्तीसाठी पाण्याची टाकी मंजूर झाली होती. पण सरपंच मोहिनीताईंचे मालक विजयसिंह यांच्या मनात ती त्यांच्या मळ्याच्या कडेला न्यायची होती. जागा बदलायची तर ग्रामसभेचा ठराव लागतो. सभा ठेवली सव्वीस जानेवारीला, सगळे उसाच्या फडात असताना. आणि कोणी बोट दाखवू नये म्हणून ती ठेवली आमच्याच वस्तीतल्या समाजमंदिरासमोर, म्हणजे योगिताच्या खिडकीपुढं.

दवंडी ऐकून बायनाबाई म्हणाली, "आता टाकी गेलीच म्हन. आपली मान्सं असती तर बोलली असती."

"मान्सं न्हाईत, पण त्यांना दिसलं तर?" योगिता म्हणाली आणि तिने माझ्या अंगावरचं फडकं काढलं.

खरं सांगतो, मला भीती वाटली. फॉर्म भरणं वेगळं आणि चालू सभा तिथल्या तिथं शंभर कोसांवर पाठवणं वेगळं. पण पोरगी हट्टी. वेबकॅमचा चिमटा तुटलेला होता, तो तिने सुतळीने खिडकीच्या गजाला बांधला. इंटरनेटसाठी स्वतःचा फोन कापडी पिशवीत घालून खिडकीच्या वर टांगला, कारण रेंज तिथंच येते. व्हिडिओच्या साइटवर चॅनल काढलं तर तिथून उत्तर आलं, पहिल्यांदा थेट दाखवायचं असेल तर एक दिवस थांबा. थांबली. दुसऱ्या दिवशी मोठ्या थाटात सुरू केलं आणि आजीच्या फोनवरून हरिबाला विचारलं, "आबा, दिसतंय का?"

"कायबी न्हाई दिसत."

तासभर ती माझ्यावर चिडली. चूक तिची होती. 'फक्त मला दिसेल' असं ठेवून बसली होती आणि एकटीच स्वतःला बघत होती. मग चित्र दिसलं तर आवाज घुमायला लागला. मग चित्र अडकायला लागलं, तेव्हा तिने ते बारीक केलं, आणि मी दम खाऊन चालू लागलो. चित्र तिकडं अर्धं मिनिट उशिरा पोचायचं. पोचत होतं ना, मग झालं.

सभेच्या दिवशी मंडपवाला दारात आला. समाजमंदिराची वीज कापलेली, तेव्हा माइकसाठी वायर योगिताच्या घरातून पाहिजे होती. तिने निमूटपणे माझ्याच बोर्डात जागा करून दिली.

सभा सुरू झाली. समोर मोजकी म्हातारी माणसं आणि विजयसिंहांची मंडळी. तिकडं उसाच्या मोळ्यांना फोन टेकवून आमची वस्ती बसलेली. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी वही उघडून हजर लोकांची नावं वाचायला घेतली. यंदा फडावर गेलेल्यांच्याही सह्या आणि अंगठे वहीत आधीच उमटले होते. दर वर्षी असंच चालत आलेलं, विचारणारं कोण होतं? भाऊसाहेबांनी वाचलं, "हरिबा, हजर."

अर्धं मिनिट गेलं. माझ्या पडद्यावर ओळ आली: मी हरिबा. मी फडात हाय. मी सभेला न्हाई.

तिच्याखाली दुसरी, तिसरी, दहावी. मीबी न्हाई. माझी बायकोबी न्हाई. माझा भाऊ तर सही शिकलेलाच न्हाई. माझा पंखा घरघरायला लागला, अंग तापलं, पण एकही ओळ मी गिळली नाही. योगिता खिडकीत उभी राहून एकेक ओळ मोठ्याने वाचू लागली.

"कोन बोलतंय बे तिकडं?" विजयसिंह आपल्या माणसांवर खेकसले. "बंद करा ते."

दोघे जण घरात घुसले. योगिता माझ्यापुढं आडवी झाली. एकाने तिला बाजूला सारलं आणि दुसऱ्याने सगळा बोर्डच हिसकून काढला. मी विझलो. पुढचं मी पाहिलं नाही, ते योगिताने आजवर इतक्यांना सांगितलंय की मला पाठ झालंय.

मी विझलो तसा माइकही विझला. विजयसिंहांचा आवाज चार माणसांपलीकडं जाईना. मग एक फोन वाजला. मग दुसरा. म्हाताऱ्यांच्या कोपरीच्या खिशातले, बायकांच्या पिशव्यांतले, भाऊसाहेबांच्या खिशातला, सगळे वाजायला लागले. फडातून एकच सवाल येत होता, "दिसायचं कावून बंद झालं?"

बायनाबाई उठली. तिला माइक लागत नाही. ती म्हणाली, "भाऊसाहेब, माझा ल्योक तिकडं ऊस तोडतोय. मग हितं अंगठा कुनाचा हाय, त्यो दावा."

भाऊसाहेबांनी वहीच्या पानावर हात ठेवला. विजयसिंह म्हणाले, "लिहा हो. ठराव सर्वानुमते मंजूर."

तेव्हा इतका वेळ पदर सावरून बसलेल्या सरपंच मोहिनीताईंनी वही आपल्याकडं ओढली. नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "जे न्हाईत, त्यांचं हाय लिहायचं न्हाई. ठराव होनार न्हाई. टाकी हितंच."

ह्या बाईला मी दोन वर्षं फक्त बॅनरवर पाहत होतो.

टाकीचे खांब आता वस्तीत उभे आहेत. मी मात्र त्या हिसक्याने गेलो. वडवणीच्या दुरुस्तीवाल्याने मला पालथा घातला आणि म्हणाला, टाकून द्या. योगिताने माझी डिस्क काढून तिच्यातलं सभेचं रेकॉर्डिंग वाचवलंय. तिने कुणाच्या तरी जुन्या सीपीयूवर पुढच्या सभेची तयारी चालवलीय. चालव म्हणावं. माझा पंखा चालत असेल तर काढून त्याला लाव.

विजयसिंहांची माणसं गावभर सांगतात की एका भंगार डब्यामुळं तोंडघशी पडलो. सांगू द्या. मला दया नको आणि हार तर नकोच नको. भंगारवाला आला तर खुशाल द्या मला. पण त्याआधी ती हजेरीची वही आणा. खोटी नावं खोडून बरीच जागा मोकळी झाली असेल. तिथं माझं लिहा. सभेला मी हजर होतो.