सर्वांत कमी दर

१९७२ सालचा उन्हाळा. सुरतेच्या पांडेसऱ्यात एका डाइंग मिलच्या पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणला जात होता. पारोळ्याकडून आलेली कलाबाई रोजच्यासारखी काठावर घमेली झेलत होती. तिचा नवरा सुपडू दोन पुरुष खोल खड्ड्याच्या तळाशी कुदळ चालवत होता.

काम सर्वांत कमी दराच्या टेंडरला गेलं होतं. चढाओढ लागली की बांधकाम स्वस्तात होतं आणि त्यात सगळ्यांचंच भलं असतं, असं मिलचे इंजिनिअर सांगत. ठेकेदाराने तेच काम आणखी कमी दरात मुकादम पंडितच्या गळ्यात मारलं. पंडितने मग खड्ड्याच्या बाजू धरून ठेवणाऱ्या फळ्याच आणल्या नाहीत.

काळी माती सुटू लागली तसा सुपडू वर आला आणि फळ्या लागल्याशिवाय उतरणार नाही म्हणाला. पंडितने फावड्याचा दांडा त्याच्या पाठीत घातला, मग तोंडावर. दोन दात पडले. दहा पावलांवर इंजिनिअर नकाशा बघत राहिले. कलाबाईने नवऱ्याचा हात धरला, पण गावाकडे दुष्काळ होता आणि फाटकाशी कामासाठी माणसं ताटकळत होती. रक्त पुसत तो पुन्हा उतरला.

दुपारी एक अख्खी बाजू त्याच्यावर कोसळली. कलाबाईने हातांनी माती उपसली, तिची नखं उखडली. घाईत कुणाची तरी कुदळ सुपडूच्या खांद्यात रुतली. तो ओरडला नाही, तेव्हाच तिला कळलं.

तिसऱ्या दिवशी पंडित दोन माणसं घेऊन झोपडीत आला. सुपडू दारू पिऊन पडला, असं लिहिलेल्या कागदावर त्याला तिचा अंगठा हवा होता. तिने हात मागे घेतला. त्यांनी तो पिरगळला. मनगटाचं हाड मोडलेलं शेजारच्या उषाबाईला कुडापलीकडून ऐकू आलं.

"मन्हा माणूस प्यायेल नव्हता," कलाबाई दात आवळून म्हणाली. "खड्डाले फळ्या नव्हत्या. हाई लिखा, मंग आंगठा लावसू."

उषाबाई आळीतल्या बायका घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा ते निघाले.

दुसऱ्या सकाळी हात गळ्यात बांधून कलाबाई फाटकावर गेली आणि नव्या मजुरांना घडलं ते सगळं सांगितलं. एकही जण उतरला नाही. पंडितने दांडा चालवला, दोघांची डोकी फुटली, तरी उतरले नाहीत. काम अडल्याच्या चौथ्या दिवशी फळ्या आल्या.

कलाबाईचा हात वाकडाच बसला. तिला पुन्हा कुणी कामावर घेतलं नाही.

गावात शाळा किंवा दवाखाना बांधायचा झाला की सर्वांत कमी दर कुणाचा, एवढंच आपण विचारतो. तो इतका कमी कसा झाला, हे विचारायला आपला हात कुणी पिरगळलेला नाही.