उनीचा पलंग

सौदीतल्या बुरैद्याच्या आमच्या दवाखान्यात युसनिदार नावाची नर्स आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तिला पलंग दिला. मागितला कुणी होता, असं विचाराल तर तिनंच. म्हणजे मला तसं वाटलं. मी तिथे रिसेप्शनवर बसते. ही बाई दुपारच्या सुट्टीत औषधांच्या खोलीच्या दारात उभी राहून फोनवर गावाकडे बोलायची आणि रडत रडत एकच शब्द घोळवायची, पलंग, पलंग. मला वाटलं, खोलीवर हिला जमिनीवर निजवतात. आमच्याकडे एक लोखंडी पलंग जास्तीचा पडला होता. माझा नवरा हम्माद खजुराच्या वखारीत काम करतो. त्याच्या मागे लागून मी तो पलंग पिकअपमधून तिच्या खोलीवर पोचता केला.

तिनं ठेवून घेतला, थँक्यू म्हणाली. पुढे आमची मोडकी अरबी आणि त्याहून मोडकं इंग्लिश एकमेकींना कळायला लागलं तेव्हा खुलासा झाला. तिच्या भाषेत पुलांग म्हणजे घरी परत जाणं. बाई घरी जायचं म्हणून रडत होती आणि मी तिच्या झोपायची सोय करून दिली. त्यावर आम्ही दोघी इतक्या हसलो की डॉक्टरांनी दार उघडून पाहिलं.

तिला मी उनी म्हणते. ती इंडोनेशियाची, सुमात्रा बेटावरच्या एका डोंगरगावातली, आणि तिकडे मोठ्या बहिणीला उनी म्हणतात.

"आमच्यात उणी म्हणजे जिच्यात काहीतरी कमी आहे ती," मी तिला सांगून टाकलं.

"मग बरोबर आहे," ती म्हणाली.

शुक्रवारी ती आमच्याकडे जेवायला यायची. मी तांदळाच्या भाकऱ्या भाजायचे आणि ती पाण्याच्या बाटलीला फोन टेकवून गाव लावायची. लावायची म्हणजे व्हिडिओ कॉल. पण आम्ही दोघी सिनेमा बघावा तसं ते गाव बघत बसायचो. उतारावर पायऱ्या पायऱ्यांची भाताची खाचरं, वर्षातून दोनदा पीक, खाचरात फिरणारी बदकं. रस्त्याच्या कडेला चटईवर कोकोच्या बिया वाळत घातलेल्या. टोकं वर वळलेल्या छपरांची मोठी लाकडी घरं, आणि त्यातली निम्मी बंद. तरुण पोरं शहरात दुकानं टाकायला गेलेली. ती पैसे पाठवतात, त्यातून मशिदीवर नवे पत्रे चढतात, पण लावणीला माणूस मिळत नाही. भात विकून खताचा खर्च सुटला तरी खूप. मी म्हणायचे, उनी, हे तर आमचं श्रीवर्धन. छपरांची टोकं तेवढी कुणीतरी वाकवलीयत.

आमचंही तसंच आहे. अब्बांची नारळी-पोफळीची वाडी आहे, समुद्राला लागून, आणि घर वाडीतच. अब्बा गेल्यावर माझा थोरला भाऊ इब्राहीमभाई ती सांभाळतो. आता रिसॉर्टवाले आले आहेत. भाईला वाडी घरासकट द्यायची आहे आणि पनवेलला फ्लॅट घ्यायचा आहे. त्यासाठी माझं हक्कसोडपत्र हवं होतं. बहिणीनं बापाच्या जमिनीतला वाटा भावाच्या नावे सोडला, असं लिहून द्यायचं. माझ्या आत्यांनी दिलं, आईनं तिच्या भावांना दिलं. शरियतनं बहिणीला वाटा दिलाय हे आमच्यात सगळ्यांना पाठ आहे, तो घ्यायचा नसतो हेही पाठ आहे. बदल्यात माहेर मिळतं. ईदचं बोलावणं येतं, आंब्याची पेटी येते, उतरायला खोली राहते. वाटा मागणाऱ्या बहिणीला पाणी कोण विचारणार. मी रियाधला दूतावासात जाऊन सही करणार होते, त्यात मला काही वावगं वाटत नव्हतं. वाडीची आठवण यायची ती वेगळी. ती रोज यायची.

अशातच एका शुक्रवारी उनीच्या मामाचा फोन आला. तिच्या भाषेतही मामाच. ती मामाक म्हणते. म्हातारा खाचराच्या बांधावर उभा होता. त्यांच्याकडे मोठा रस्ता होणार म्हणून शहरातला कोणी माणूस अख्खा उतार मागत होता, वर पाहुण्यांसाठी लाकडी खोल्या बांधायला. भाव असा की गावात कुणी ऐकला नव्हता. मामा बोलत राहिला, उनी मान हलवत राहिली.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"माझा होकार पाहिजे म्हणतो."

"तुझा? मामा घरात असताना?"

"जमीन माझी आहे. आईची होती, तिच्या आईची होती, पुढे मुलीची. पुरुष फक्त राखतात."

"आणि तुमचे पुरुष गप्प बसतात?"

"गप्प कुठे बसतात, खूप बोलतात," उनी म्हणाली. "पण जमीन बायकांची."

मला आधी हसू आलं, मग थोडा रागच आला. मी म्हटलं, अगं मग विक की, तुझ्या पोरीचं शिक्षण झालंय, ती शहरात घर घेऊ म्हणते, त्या डोंगरावर आता बदकं सोडून राहतं कोण? ती म्हणाली, असं विकता येत नाही. घरात मयत आहे आणि दफनाला पैसा नाही, किंवा घर गळतंय, अशा वेळी गहाण ठेवायची मुभा आहे. रस्ता आला, या कारणाला रीतीत जागा नाही. पण खाचर कसणाऱ्या मावशीचे गुडघे गेले होते, आणि मामाचं म्हणणं होतं की ओस खाचर सगळ्यांना विकाऊ दिसतं, मी किती जणांना थोपवू. एक तर हो म्हण, नाही तर ये.

भाकरी गार झाली. मग तिनं मला विचारलं, तुझं ते रियाधचं काम कसलं?

मी सांगितलं, हक्कसोड. हक्क तिला कळलाच. तो शब्द अरबीच आहे, इथे पगार तटला की सफाईवाल्यापासून नर्सपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तोच असतो. "सोड म्हणजे?" तिनं विचारलं. मी अरबीत म्हटलं, खल्ली. राहू दे, जाऊ दे.

"हक्क, खल्ली?" उनीनं दोन्ही शब्द जोडून पाहिले. "हे कोण म्हणतं? ज्यानं पगार अडवला, तो म्हणतो ना?"

इतकी वर्षं मी तो शब्द एका दमात म्हणत आले होते. अर्धा शब्द इथला, अर्धा आमचा. हक्क या मुलखातून आला आणि सोड आम्ही त्याला गावात जोडलं, बायकांसाठी.

दुसऱ्या दिवशी मी भाईला फोन केला.

"भाई, मी सही नाही करत."

"का गो बाय? हम्मादनं शिकवलं?"

"हम्माद तर म्हणतो सही कर, भावाशी वाकडं नको."

"मग वाटा पायजे? सांग तसा."

"वाटा नको. वाडी विकू नका. मला यायचंय तिथं, कधीतरी कायमचं."

"तुझी पोरं इंग्लिश बोलतात. नारळ सोलता येतो काय त्यांना?"

"नाही."

भाई हळू आवाजात म्हणाला, "बाय, पोफळीला पाणी लावून माझी कंबर गेली. वादळात अर्धी झाडं पडली, ती मी उचलली. तू एसीत बसून वाडीची आठवण काढायची आणि मी मरेपर्यंत ती राखायची, असं हाय काय?"

तो खरं बोलत होता, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी नाहीच म्हटलं.

"ठेव मग वाडी," तो म्हणाला. "भाऊ होता म्हणून समज."

उनीनं इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, परत केला, कायमचं जायची फायनल एक्झिट घेतली. जाताना पलंग मला देऊन गेली. विमानतळावर ती रडली नाही, मीच रडले, आणि पुलांग हा शब्द पहिल्यांदा नीट उच्चारला.

लावणी झाल्यावर तिचा फोन आला. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्याला टॉवेल. तक्रारींचा पाढाच वाचला तिनं. बदकं रोपं उपटतात, मुलगी रागावलीय, भाताला भाव नाही, तो शहरातला माणूस अजून चकरा मारतो. "आणि चटईवर झोप येत नाही," ती म्हणाली. "तू सवय लावलीस. इस्मत, मला पलंग पाहिजे."

"आणि मला पुलांग," मी म्हटलं.

ती हसली. फोन फिरवून तिनं खाचर दाखवलं, पाण्यात उभी कोवळी रोपं, पलीकडे मामा. "तुझी जमीन आहे ना अजून?"

"आहे."

"मग ये की."

बघते, म्हटलं. वाडीच्या फाटकाची किल्ली भाईकडे आहे, ईदला बोलावणं आलं नाही आणि तो माझा फोन उचलत नाही, हे मी तिला सांगितलं नाही. हक्क माझ्याकडे राहिला, सोड माहेराला लागलं. आता मी श्रीवर्धनला उतरले तर माझ्याच वाडीसमोर लॉजवर राहावं लागेल.

फोन ठेवून मी आतल्या खोलीत गेले आणि त्या लोखंडी पलंगावर आडवी झाले. घरी जायचं म्हणून रडणाऱ्या बाईला बुरैद्यात दुसऱ्यांदा पलंगच मिळाला.