चौथ्या दिवशीचा चहा

डोमाजी गेला त्याच्या चौथ्या दिवशी रविवार आला, आणि त्याच्या लेकीने, इंदूने, धबधब्याच्या वाटेवरची चहाची झोपडी उघडली. धबधबा दसऱ्यापर्यंतच वाहायचा. मग टेकडीवरच्या या गावाकडे कोणी फिरकत नसे. उरलेले चार रविवार बुडाले असते, तर पुढल्या साली लोक पलीकडच्या वाटेनेच चढले असते.

बुद्धाची दीक्षा घेतल्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या घरात सुतक नव्हतं. डोमाजीनेच तसं बजावलं होतं. झोपडीही त्याचीच कल्पना. सहलीला आलेला माणूस जात घरी ठेवून येतो, असं तो हसत म्हणायचा. अन् खरोखरच लोक त्याच्या हातचा चहा पिऊन त्याच्या मागोमाग वर चढत.

सदाशिवराव वकील यवतमाळहून बायकोला, विमलताईंना, घेऊन दरसाल येत. कप हातात घेताना त्यांनी डोमाजी कुठे म्हणून विचारलं. इंदूला खोटं सुचलं नाही. गुरुवारी गेले, म्हणाली.

विमलताईंनी ओठांपर्यंत गेलेला कप हळूच फळीवर ठेवला. बाई वाईट नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"अगं, सुतकात चहा कसा गं मांडलास?"

"आम्ही पाळत नाही, ताई."

"आम्ही पाळतो ना."

मागे बसलेली आई, रुखमाबाई, लेकीच्या कानाशी लागली. "आपल्यासाठी नको पाळू. गिऱ्हाइकासाठी तेरा दिस पाळ न वं. बुढा काय पाह्याले येते?"

इंदू वाट दाखवायला उठली. नवराबायको दहा पावलं मागून आली. शेवाळलेल्या कातळापाशी डोमाजी हात द्यायचा, तिने दिला. विमलताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, खाली दरीत पाहिलं, आणि हात घट्ट धरला. उतरतानाही धरला.

झोपडीपाशी मात्र त्या थांबल्या नाहीत. तेराव्यानंतर येऊ, एवढं म्हणाल्या.

रुखमाबाई चूल विझवू लागली.

"राहू दे, माय. दुपारची मोटार यायची हाय."

"अन् त्यायनं इचारलं त, डोमाजी कुठं?"

इंदू भिंतीला टेकून बसली. पाय दुखत होते.

"सांगीन," ती म्हणाली.