पेल्याचा आवाज

आमच्या घरात पहाटे कुणी खोकायचं न्हाई, हा नियम माझा. कुणाला सांगितला न्हाई, पण पाळला. उजाडायच्या आधी आमचे हे उठायचे, पावलं न वाजवता अंगणात जायचे, गोठ्याच्या भिंतीला टेकवलेली हिरव्या मॅटची गुंडाळी उलगडायचे आणि तिच्या टोकाला स्टीलचा पेला आडवा ठेवायचे. मग जरा वेळ काहीच न्हाई. मग टण्ण. परत सगळं गप. परत टण्ण. घोटावड्याच्या रस्त्यावर हिंजवडीच्या कंपन्यांच्या गाड्या सुरू व्हईस्तवर हे चालायचं. मी अंथरुणात डोळं मिटून पडलेली. खोकला आलाच तर पदराचा बोळा तोंडात. त्यांना वाटायचं, सगळं घर झोपलंय. वाटू दे म्हणलं. त्या माणसाला तेवढं एकच सुख व्हतं.

माझा नवरा किशोर, गोल्फ खेळणारा. हसू नका. आमच्याकडंबी सगळे हसलेच. लग्न ठरवताना माझ्या मावशीनं विचारलं, पोरगा करतो काय? तर म्हणे काठीनं बॉल भोकात घालतो. वडील म्हणाले, घालू दे, सुपारीचंबी व्यसन न्हाई त्याला.

डोंगरापल्याड बड्या लोकांचं गोल्फचं मैदान झालं तवा हे शाळेत व्हते. झाडीत हरवलेले बॉल हुडकून द्यायचे, मग कॅडी झाले, म्हंजे साहेबांची बॅग खांद्यावर घेऊन मागं मागं फिरायचं. एका साहेबानं गंमत म्हणून काठी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी मारलेला बॉल साहेबाच्या बॉलाच्या लई पुढं जाऊन पडला. तितनं सुरुवात झाली ती थेट मोठ्या बक्षिसांच्या स्पर्धांपतूर. कलकत्ता, चंडीगड, जमशेदपूर, कुटं कुटं म्हणून गेले. पेपरात फोटो आला, गावानं शाल-नारळ दिला. मी पोटुशी व्हते आणि माझा नवरा देशभर नाव काढत व्हता. मला तर जमिनीवर पाय ठेवू वाटंना.

मग ती कलकत्त्याची स्पर्धा आली. शेवटचं भोक, आणि बॉल त्याच्यापासनं हातभर लांब. असा जवळचा बॉल हळूच ढकलून भोकात घालायचा, त्याला पट म्हणत्यात, आणि त्या काठीला पटर. आमची लेक सृष्टी रांगत व्हती तवा, तिनंबी घातला असता. हे वाकले आणि ह्यांचा उजवा हात उडाला. पालीची तुटलेली शेपूट उडती तसा, आपल्याच मनानं. बॉल भोकाच्या कडंनं निघून गेला.

एकदा झालं असतं तर नशीब म्हणलं असतं. पण मग दर जवळच्या बॉलाला हात उडायला लागला. लांबचं सगळं झकास, मैलभर लांब मारतील, आणि हातभर अंतर आलं की संपलं! पुण्याचे डॉक्टर करून झाले. काठी लांब केली, आखूड केली, डाव्या हातानं खेळून बघितलं. आत्याबाईंनी, म्हंजे माझ्या सासूनं, मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. काडीचा फरक न्हाई.

ह्या रोगाला गोल्फवाल्यांत एक नाव हाय, पण ते कुणी तोंडातनं काढत न्हाई. काढलं की आपल्यालाबी लागतंय म्हणे. आणि ज्याला झालाय तो पट मारायला वाकला की बाकीचे मान वळवून झाडाकडं बघत्यात. बघितलं तरी लागतंय! शिकली-सवरलेली माणसं ही. मी एकदा चंडीगडला गेले व्हते, तवा माझ्या डोळ्यांनी बघितलं. हे वाकले आणि सगळे मेले झाडं बघाया लागले. माझ्या जिवाची आग आग झाली. म्हणावं वाटलं, मेल्यांनो, झाडाला काय आंबं लागलेत का?

पुढं ह्यांच्याबरुबर खेळायला कुणी तयार व्हईना. मग आले घरी. मुठ्याकडं जाताना एका रिसॉर्टनं गोल्फचं मैदान केलंय, तितं शिकवायला लागले. हिंजवडीच्या साहेबांची पोरं, शनिवार-रविवारी बंगल्यावर येणाऱ्यांची पोरं, सगळी किशोर सर, किशोर सर करत मागं. सर लांबचा बॉल स्वतः मारून दाखवायचे, पोरं आ वासून बघायची. पण पट शिकवायची येळ झाली की सर हात पाठीमागं बांधायचे आणि नुसतं तोंडानं सांगायचे. आई-बापांना वाटायचं, सरांची ही पद्धतच हाय. इतक्या वर्सांत एका पोरानं सरांच्या हातात पटर बघितला न्हाई.

आणि सृष्टीनं तर न्हाईच न्हाई. पोरीला खेळाची गोडी लागली तवा ह्यांनी देवापुढं हात जोडून म्हणलं, माझं सगळं हिला दे, उजवा हात तेवढा देऊ नको. मी ऐकलं ते. स्पर्धा असली की हे गाडीपाशी थांबायचे, न्हाईतर पार लांब कुंपणाला. "माझी सावली नको तिच्यावर." मग बॅग कोण उचलणार? मी! पंजाबी ड्रेस, पायात बूट आणि डोक्यावर रिसॉर्टची टोपी. एका बाईनं मला इंग्रजीत कायतरी विचारलं, मी म्हणलं, मी आई हाय तिची, कॅडीबी हाय, आणि तुमची पोरगी हरल्यावर तिला पाणीबी देईन. सृष्टी हसून हसून बेजार.

काय पट मारायची माझी पोर! वाकली की हालचाल म्हणून न्हाई. खांदं तेवढं झुलायचं, आणि बॉल जणू भोकात जायलाच निघालेला. लोक विचारायचे, ही कुणाकडनं शिकली? बापाकडनं, म्हणायचे मी. तोंडी शिकून असलं येतंय व्हय, असं माझ्याबी मनात यायचं.

ह्या हिवाळ्यात पुण्याला राज्याच्या संघासाठी मुलींची निवड व्हती. ह्यात नाव लागलं की पुढचं शिक्षण, परदेशातल्या स्पर्धा, सगळंच मोकळं. शेवटच्या भोकापतूर पोर पुढंच व्हती. बॉल हातभर लांब. मी भोकातला खुणेचा झेंडा काढून तितंच उभी. मनात म्हणलं, झालं, सुटलो आमी.

सृष्टी वाकली, आणि तिचा उजवा हात उडाला.

बॉल भोकाला वळसा घालून निघून गेला. मी स्वतःला समजावत व्हते, वारं असंल, घाबरली असंल, पोरच हाय अजून. ती परत वाकली. तवा माझं लक्ष दुसऱ्या पोरीच्या कॅडीकडं गेलं. म्हातारा, जुना माणूस. त्यानं हळूच मान वळवली आणि तो झाडाकडं बघाया लागला. माझ्या लेकरावरनं डोळं फिरवतो? झेंडा त्याच्या टाळक्यात घालावा असं वाटलं मला, देवाशप्पथ.

दुसऱ्यांदाबी हुकला.

घरी येताना ह्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हणलं, थोडक्यात गेलं. मागनं सृष्टी म्हणाली, "पप्पा, माझा हात आपोआप हलला." भूगावच्या गर्दीत ह्यांनी गाडी कडंला घेतली आणि नुसतं स्टिअरिंगला धरून बसले. मागनं हॉर्नवर हॉर्न. एक रिक्षावाला आई-बहिणीवरनं शिव्या देऊन गेला, तरी हे हलंनात.

मग महिनाभर बाप-लेक दोघं त्याच्याच मागं. पकड बदलून झाली, उभं राहायची तऱ्हा बदलून झाली. हे हात पाठीमागं बांधून सांगायचे आणि पोर डोळ्यात पाणी आणून मारायची. कधी जायचा, बऱ्याचदा न्हाई. जेवताना तिचा उजवा हात ताटात असला की हे तिकडंच बघत बसायचे. एकदा मी भाकरी थापत असताना माझ्यापाशी आले आणि लहान पोरावानी रडाया लागले. "रेश्मा, माझ्याकडनंच गेलं तिला."

"का? देवी-कांजण्या हायेत का लागायला?"

"मी तिला कधी दावलं न्हाई गं. एकदाबी न्हाई. तरी कसं गेलं?"

परातीतलं पीठ तसंच ऱ्हायलं. त्यांना पोटाशी धरावं तर हात पिठाचे. तरी धरलं.

मला आधार एकच, पहाटेचा तो आवाज. दिवसभर कितीबी रडारड होऊ दे, उजाडताना टण्ण ऐकू यायचं. बाहेर जगापुढं हात उडतो, पण कुणी बघत नसलं की त्यो हात शहाण्यावानी वागतो, हे मला ठाऊक व्हतं. मी कधी उठून बघितलं न्हाई. आवाजावरनंच कळायचं, आज किती गेले आणि कसे गेले. त्या येळंला माझा नवरा परत कलकत्त्याच्या आधीचा व्हायचा.

परवाच्या रविवारी दुपारी अंगणात सृष्टीनं पटर खाली टाकला. म्हणाली, "पप्पा, सांगून नाही जमत. एकदा मारून दाखवा ना मला."

हे म्हणाले, "मी पट दावत न्हाई कुणाला. माहीत हाय तुला."

"रोज सकाळी मारता तसा मारा. एकच."

मी तांदूळ निवडत व्हते, माझा हात सुपातच ऱ्हायला.

"रोज सकाळी?" हे म्हणाले.

"मी लहानपणापासून बघते, खिडकीतून." पोर हसत व्हती, रडवेलं हसू. तिला वाटलं, आपण बापाला केवढं देतोय! "मी तुम्हाला बघूनच तर शिकले. तोंडी सांगून कोण शिकतं, पप्पा? तुमचा हात कुठं हलतो? मला तर कधीच दिसला नाही हललेला. तुम्ही उगाच घाबरता. एकदा मारा, मी बघितलं ना, की माझं पण बरं होईल."

पोरीचा राग करू का तिला जवळ घेऊ? इतकी वर्सं मी खोकला गिळला, आणि बाजूच्या खिडकीत हे बारकं नाक जाळीला लावून उभं! तिचं काय चुकलं? काय चुकलं न्हाई. सगळ्यात चांगलं जे बघायला मिळालं ते तिनं बघितलं.

ह्यांनी खिडकीकडं बघितलं. लई येळ बघितलं. मग उठले, मॅट उलगडली, पेला आडवा ठेवला. लेकीच्या हातासाठी उठले हो, दुसऱ्या कशासाठी न्हाई. इतकी वर्सं जे कुणाला दावलं न्हाई, ते लेक बरी व्हईल म्हणून दावायला उभे ऱ्हायले. सृष्टी जवळ सरकली. मी देवाला म्हणले, एक. फक्त एक जाऊ दे.

हात उडाला. बॉल पेल्याच्या बाजूनं जाऊन गोठ्याच्या भिंतीवर आपटला.

ह्यांनी दुसरा मारला, तोबी भिंतीवर. तिसरा मारायला वाकले तवा माझ्या पोरीनं मान वळवली आणि ती शेवग्याच्या झाडाकडं बघाया लागली. कुणी शिकवलं न्हाई तिला ते. ह्यांनी वाकल्या वाकल्या तिच्याकडं बघितलं, आणि पटर हळूच खाली ठेवला.

त्या रात्री मी सृष्टीला माझ्या खोलीत घेतलं. तिच्या खोलीची खिडकी लावली, पडदा ओढला, वर चादर अडकवली. ह्यांना ऐकू जाईल अशी म्हणले, आता कुणी बघायचं न्हाई, सगळे झोपा.

पहाटे हे उठले. दाराची कडी वाजली, मॅट उलगडल्याचा आवाज आला. मी श्वास धरून पडले. जरा वेळ काही न्हाई. मग बॉल भिंतीला लागला. परत काही न्हाई. परत भिंत. खिडकी बंद व्हती हो, चादर व्हती, पण त्यांना ती उघडीच दिसत असणार. माझ्या शेजारी सृष्टी टक्क जागी, आपला उजवा हात डाव्या हातात गच्च धरून.

मग हे आत आले. उंबऱ्यात उभे ऱ्हायले. एकदम बारीक आवाजात म्हणाले, "झोपलाय ना दोघी?"

आमी डोळं मिटून घेतलं. कुणी हललं न्हाई. मला खोकला आला, मी पदर तोंडात घातला.

"झोपा," ते म्हणाले, आणि परत अंगणात गेले. आमी ऐकत पडलो. बॉल भिंतीला लागत ऱ्हायला.