सतरा नंबरची खुर्ची

"दहा मिनिटं बस, मी औषध घेऊन येते," एवढंच मेट्रनबाई म्हणाल्या होत्या. मावशी बसल्या. त्याला या महिन्यात सहा वर्षं झाली.

माणसाला डांबून ठेवायला कुलूप लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी कुठल्या संस्थेत फुकट काम केलेलं नसावं. इथे कुलूप होतंच, पण त्याची किल्ली मावशींच्याच कमरेला होती, आणि तिथेच सगळी गोम होती. दुसऱ्याने कोंडलं तर आरडाओरडा तरी करता येतो.

वाचनालयाच्या मागे एक लांबट खोली होती. आजारी माणसाला लागणाऱ्या वस्तू तिथून घरी वापरायला द्यायच्या आणि गरज संपली की परत घ्यायच्या, एवढाच संस्थेचा उद्योग. भिंतीला टेकवलेल्या कुबड्या, एकात एक अडकवलेले वॉकर, हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर करायचे तीन पलंग, आणि चाकांच्या खुर्च्या, नंबर एक ते बावीस. खोलीला रबराचा आणि जंतुनाशकाचा वास होता. तो मावशींच्या पदरालाही लागला होता आणि कितीही धुतलं तरी जात नव्हता.

संस्था काढली मेट्रनबाईंनी. त्या मोठ्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, आवाज असा की पेशंटचा ताप घाबरून उतरावा. त्यांनी भिंतीवर रंगाने दोनच नियम लिहून ठेवले होते. खुर्ची घरी जाताना रुग्णाच्या नावाची कापडी पट्टी खुर्चीच्या हाताला शिवायची, आणि ती पट्टी असेपर्यंत खुर्ची दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, हा पहिला. खुर्ची परत आली की पट्टी परत करणाऱ्याने स्वतः कापायची, हा दुसरा. त्यासाठी टेबलाच्या पायाला सुतळीने बांधलेली एक बोथट कात्री होती. लोकांना हा नियम जरा विचित्र वाटे. मेट्रनबाई सांगत, की आपल्या हाताने कापली नाही तर खुर्ची परत येते, माणूस येत नाही.

मावशींनी आईचं अकरा वर्षं केलं. लग्न राहिलं ते राहिलंच. घरी बसून शाळेचे गणवेश शिवायचे, आणि दर दोन तासांनी मशीन थांबवून आईला कूस बदलून द्यायची. आई गेली तेव्हा मावशींना रडू आलं, आणि त्या रडण्यात थोडी सुटकाही होती. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. खुर्ची परत करायला आल्या त्या दिवशी त्यांच्या पर्समध्ये बसचं तिकीट होतं. धाकटी बहीण चार तासांवरच्या गावात राहायची, तिचं शिवणाचं दुकान होतं, वर एक रिकामी खोली होती. मावशी कात्री हातात घेणार, तेवढ्यात मेट्रनबाई औषधाला गेल्या. त्या यायच्या आत तीन माणसं आली. मावशींनी एकाला कुबड्या दिल्या, एकीला पलंगाचं हँडल फिरवून दाखवलं. परत आल्यावर मेट्रनबाई म्हणाल्या, तुझ्या हाताला वळण आहे, उद्या तासभर येशील का. तिकीट परवावर गेलं. मग मेट्रनबाईंचा गुडघा गेला, पाठोपाठ मेट्रनबाईच मुलाकडे गेल्या, आणि किल्ली मावशींकडे राहिली. भीड ही भिकेची बहीण, असं आई म्हणायची. आईचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं.

राहिली ती सतरा नंबरची खुर्चीही. आईच्या नावाची पट्टी मावशींनीच लाल दोऱ्याने शिवली होती, आणि ती तशीच होती. पहिल्या वर्षी वेळ झाला नाही. दुसऱ्या वर्षी कोणी विचारलं, तर मावशी म्हणाल्या की तिचा ब्रेक बिघडलाय. ब्रेक उत्तम होता. दर महिन्याला त्याला तेल त्याच घालत. पुढे त्या खुर्चीवर त्यांची शिवणाची पिशवी ठेवायची पद्धत पडली, आणि मग कोणी विचारेनासंच झालं.

यंदा धाकटीने निर्वाणीचं सांगितलं. तिचे डोळे आता बारीक कामाला साथ देत नव्हते, दुकानाला दुसरा हात हवाच होता. दुसरी एक बाई यायला तयार होती, खोलीसकट. "ताई, सोमवारी संध्याकाळपर्यंत तू आलीस तर तू," ती फोनवर म्हणाली. "नाहीतर मी तिला हो म्हणते. सहा वर्षं मी तुझी खोली झाडतेय. आता नाही व्हायचं माझ्याच्यानं."

रविवारी संस्थेची वार्षिक सभा होती. मावशींनी आदल्या दिवशी आरशासमोर उभं राहून वाक्य पाठ केलं: मी उद्यापासून येणार नाही. सभेला अकरा माणसं होती आणि चहा पंधरा जणांचा. अध्यक्ष होते दातांचे डॉक्टर. दुसऱ्याचं तोंड उघडं ठेवायची सवय असल्यामुळे सभेत ते स्वतःचं कधी बंद करत नसत. मावशींनी आपलं वाक्य म्हटलं. लगेच सगळ्यांना आपापल्या बशीतलं बिस्कीट फार महत्त्वाचं वाटू लागलं.

अध्यक्षांनी विचारलं, कोणी तयार आहे का. एकाची पाठ दुखत होती. एकीची नात लहान होती. एक गृहस्थ म्हणाले की आपण सल्ला द्यायला केव्हाही तयार आहोत. मग अध्यक्ष उभे राहिले आणि त्यांनी मावशींना हरभऱ्याच्या झाडावर असं चढवलं, की खाली उतरायला फांदी सापडू नये. मावशी म्हणजे संस्थेचा आत्मा, संस्था मावशींवर उभी आहे. मावशींच्या मनात आलं, मग उतरा की आता माझ्यावरून. पण तोंडातून निघालं ते "अहो, कसलं काय". झालं. पर्यायी व्यक्ती मिळेपर्यंत मावशींनीच काम पाहावं, असा ठराव एकमताने झाला. टाळ्या वाजल्या. सगळ्यांनी मिळून वाजवलेल्या टाळ्यांतून वाट काढणं हे गर्दीतून वाट काढण्यापेक्षा अवघड असतं. मावशी हात जोडून उभ्या राहिल्या.

सोमवारी सकाळी पाय त्यांना घेऊन खोलीकडेच आले. बस अडीचला होती. घरी पिशवी भरलेली होती, तीही गेली सहा वर्षं निम्मी भरलेलीच असायची. त्यांनी कुलूप काढलं, नोंदवही उघडली, आणि आपण हे काय करतोय असं वाटून स्वतःचीच भयंकर चीड आली.

साडेनऊला ब्रेकवाले आले. हे निवृत्त ट्रकचालक. दोन वर्षांपूर्वी बायकोसाठी खुर्ची न्यायला आले, तेव्हा ब्रेक ढिला आहे म्हणून त्यांनी तिथेच बसून सगळ्या खुर्च्यांचे ब्रेक आवळले होते. तेव्हापासून ते ब्रेकवाले. आज ते बायकोची खुर्ची ढकलत आले, नवीन असावी तशी पुसलेली. बायको जाऊन नऊ दिवस झाले होते. मावशींनी सुतळीची कात्री त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी ती उचलली, पट्टीकडे पाहिलं, आणि परत ठेवली. जरा वेळाने कापतो म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून ते दोन्ही नियम पुन्हा पुन्हा वाचत उभे राहिले. घरी जायची घाई त्यांना दिसत नव्हती.

मावशींना ते सगळं ओळखीचं वाटलं. असं रिकाम्या हाताने उभं राहिलेलं माणूस काहीही सांगितलं तरी नाही म्हणत नाही. आणि त्यांच्या तोंडून शब्द निघून गेले.

"दहा मिनिटं बसता का? मी जरा जाऊन येते."

ते हो म्हणाले. मेट्रनबाईंच्याच खुर्चीत बसले.

मावशी बाहेर पडल्या त्या थेट बसस्टँडपर्यंत चालत गेल्या. तिकीट काढलं. बाकावर बसल्या. आपण सुटलो, असं त्यांनी मनात दोनदा म्हणून पाहिलं, पण ते खरं वाटेना. त्या माणसाला आता किती माणसं भेटतील, तो किती वर्षं बसेल, याचा हिशोब डोक्यात सुरू झाला. आपल्या पायातली बेडी काढून त्यांनी ती नऊ दिवसांपूर्वी बायको गेलेल्या माणसाच्या पायात अडकवली होती, तीही फसवून. मावशींना लाज वाटली. तिकीट हातात धरून त्या परत निघाल्या. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत होती, आणि दोन्हीत दोष आपलाच.

खोलीत आल्या तेव्हा पाऊण तास झाला होता. शिवणाची पिशवी टेबलावर होती. सतरा नंबरची जागा रिकामी होती. फरशीवर चार चाकांच्या चार खुणा तेवढ्या होत्या.

"खुर्ची कुठाय?" मावशींनी विचारलं.

ब्रेकवाले चटकन उठले. एक मुलगी आली होती, त्यांनी सांगितलं. वडिलांना बारा वाजता दवाखान्यातून घरी आणायचं, तिसरा मजला, चालता येत नाही. बाकी सगळ्या खुर्च्या बाहेर गेलेल्या, खोलीत दोनच. पट्टी असलेली खुर्ची द्यायची नाही असं भिंतीवर लिहिलेलं. म्हणून त्यांनी पट्टी कापली, मुलीचं नाव वहीत लिहिलं, ब्रेक तपासून दिला. ब्रेक तर चांगला होता, ते म्हणाले.

"पट्टी मी कापायची होती," मावशी म्हणाल्या. "माझ्या आईची होती ती. दोन खुर्च्या होत्या ना? तुम्ही तुमची का नाही दिलीत?"

त्यांनी खिशातून कापडाचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. लाल दोरा बोथट कात्रीने कुरतडल्यासारखा तुटला होता.

"माझी कापवेना," ते म्हणाले. "तीनदा कात्री लावली. ती पोरगी दारात उभी होती. मग ही कापली. मला वाटलं, ही कुणाची तरी जुनी असेल."

मावशी मटकन स्टुलावर बसल्या. त्यांना इतका राग आला, की हातातली वही त्या माणसाच्या अंगावर फेकावी. आणि मग राग कुठे गेला ते कळलं नाही, एकदम रडू फुटलं. आईच्या वेळी रडल्या होत्या त्याहून जास्त रडल्या. ब्रेकवाले वॉकरच्या पायांची रबरी टोपणं घट्ट करत राहिले. हे त्यांनी फार बरं केलं.

रडणं ओसरल्यावर मावशींनी कपाटातून सहा वर्षांपूर्वीची वही काढली. खुर्ची नंबर सतरा. नेली त्याची तारीख होती. परत केल्याची जागा कोरी होती. सभेने अडवलं, डॉक्टरांनी अडवलं, मेट्रनबाईंनी अडकवलं, असं त्या इतकी वर्षं सगळ्यांना मनातल्या मनात ऐकवत होत्या, आणि वहीत तर त्यांचंच परत करणं राहून गेलं होतं. त्यांनी आजची तारीख घातली. खाली सही केली.

मग त्यांनी शिवणाच्या पिशवीतून आपली कात्री काढली. वीस वर्षांत ती कापडाशिवाय कशाला लागू दिली नव्हती, कागदाला तर नाहीच. ती त्यांनी ब्रेकवाल्यांपुढे धरली.

"ती सुतळीची राहू द्या. हिला धार आहे, एका घावात होईल," त्या म्हणाल्या. "आज कापा. उद्यावर टाकलंत तर काय होतं ते मला विचारा. मला दहा मिनिटं म्हणून बसवलं होतं, सहा वर्षं गेली. आणि मघाशी मी तुम्हाला तसंच बसवून पळून जात होते."

"मला कळलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही पर्स घेऊन गेलात. घरी जाऊन तरी काय करणार होतो मी."

"ते मला माहीत नाही. पण आधी हे. मग घरी जा. इथे यावंसं वाटलं तर उद्या आपल्या मनाने या, बसवलं म्हणून नको."

त्यांनी कात्री घेतली. बराच वेळ पट्टीवरच्या नावावरून अंगठा फिरवला. मावशी घड्याळाकडे बघत नव्हत्या, असं नाही. पण त्या हलल्या नाहीत. मग कात्रीचा आवाज आला, पुरता एक सेकंदही नसेल. पट्टी खिशात घालून ते निरोप न घेता गेले. उद्या ते येतील की नाही हे मावशींना कळलं नाही, आणि त्यांनी विचारलंही नाही.

सव्वा वाजता त्यांनी खोलीला कुलूप लावलं. घरून पिशवी घेतली आणि वाटेवरच्या दातांच्या दवाखान्यात शिरल्या. अध्यक्षसाहेब एका गृहस्थांच्या जबड्यात डोकं घालून बसले होते. तोंडावर मास्क होता, हातात यंत्र होतं, त्यामुळे त्यांना मान तेवढी वर करता आली. मावशींनी कमरेची किल्ली काढली आणि चिमटे ठेवायच्या स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली. उघड्या तोंडाचे गृहस्थ डोळे फिरवून किल्लीकडे बघू लागले.

"डॉक्टर, दहा मिनिटं सांभाळा," मावशी म्हणाल्या. "मी येतेच."

आणि त्या अडीचच्या बसला निघाल्या.